फासा, देव आणि आमचं टेबल



मला खेळाविषयी बोलायला सांगितलंय. क्रिकेटवर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल, पण मी डन्जन्स अँड ड्रॅगन्सवर बोलणार आहे.

इथे पनवेलमध्ये आम्ही सहाजण रविवारी एका मित्राच्या घरी जमतो. एकजण गोष्ट सांगतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात: योद्धा, चोर, जादूगार, पुजारी. आपलं पात्र काय करतंय ते बोलायचं. ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. १९७४ साली अमेरिकेत आलेला हा खेळ आहे.

आमच्यात चार हिंदू, दोन मुसलमान. आपण एकमेकांच्या धर्माबद्दल बोलतच नाही म्हणून आपलं छान चाललंय, असं मला बरेच दिवस वाटायचं.

एकदा डीएमने १९८० सालचं एक जुनं पुस्तक काढलं, ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’. त्यात ग्रीक आणि नॉर्स देवांबरोबर इंद्र, विष्णू, काली यांनाही आकडे दिलेत. म्हणजे किती वार सोसतील, चिलखत केवढं. झ्यूसला आज फारसं कुणी पूजत नाही, कालीला घराघरात पूजतात. आपल्या किंवा ख्रिस्ती धर्माचं प्रकरण मात्र त्या पुस्तकात नाही. डीएम म्हणाला, चला, कालीशी लढू. मी मोठ्याने हसलो. एक मित्र गप्प झाला आणि पुढचे दोन रविवार आलाच नाही. परीक्षा असेल, असं मी धरून चाललो.

काही महिन्यांनी गोष्टीत वाळवंटातलं शहर आलं. तिथला सरदार दाढीवाला, आणि त्याची फौज अजानसारखं काहीतरी ओरडत गावं जाळते. माझा हात फाशावरच थांबला. पण बोलू कसा? कालीच्या वेळी हसलेला मी, आता कुठल्या तोंडाने बोलणार? डीएमला थांबवलं त्याच मित्राने. “हे नको, दुसरं काहीतरी घे,” एवढंच म्हणाला. त्या रात्री मी त्याची माफी मागितली.

तेव्हापासून टेबलावर एक कार्ड असतं, त्यावर फुली. जॉन स्टॅव्हरोपोलोस नावाच्या खेळाडूची ही कल्पना, एक्स-कार्ड. कुणीही त्यावर बोट ठेवलं की तो प्रसंग तिथेच थांबतो. कारण विचारायचं नाही. मला यातली ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याला कायम कारणं द्यावी लागतात, पुरावे द्यावे लागतात.

पण कार्डाने आमचा प्रसंग थांबतो, शेजारच्या घरातला खेळ नाही. अमेरिकेत उलटं झालं होतं. १९८२ मध्ये पॅट्रिशिया पुलिंग यांच्या मुलाने आत्महत्या केली. त्यांनी या खेळाला दोष दिला आणि पुढच्या वर्षी त्याविरुद्ध संघटना काढली. हा खेळ म्हणजे सैतानाची पूजा, असा प्रचार देशभर झाला. कंपनीने १९८९ च्या आवृत्तीतून ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्द काढले. राक्षस नंतर वेगळ्या नावाने परत आले, हा भाग वेगळा. त्या आईचं दुःख खरं होतं. तरी सगळ्यांचा खेळ बंद करायचा हक्क त्यातून येत नाही, असं मला वाटतं.

आता आपल्या घरातलं. आमच्या टेबलावरच्या दोन मुसलमानांचंही एकमत नाही. फाशांचा खेळ मनाई आहे, पैसे नसले तरी, असं बरेच उलमा सांगतात. म्हणून माझा मामेभाऊ फाशाला हात लावत नाही, मोबाईलवर आकडा काढतो. त्यात फरक काय, असं आम्ही त्याला विचारत नाही. खोट्या देवाच्या पुजाऱ्याचं पात्र मीही घेत नाही. तो म्हणतो, नाटकात रावण झालेला माणूस रावण होतो का? घरी जाताना रिक्षात आमचा वाद चालतो. अजून मिटलेला नाही.

येत्या रविवारी डीएम तोच मित्र आहे. मगरीबच्या वेळी दहा मिनिटं थांबायचं, हे त्याने आपणहून लिहून ठेवलंय.