परमुलखातील व्यापारी आणि रोखीचा धडा
(व्याख्यानाचा संक्षेप)



मुंबईत दादाभाई नौरोजी मार्गावर, म्हणजे पूर्वीच्या हॉर्नबी रोडवर, एक भव्य इमारत आहे. अनेक वर्षे तेथे खादी भांडार चालले. त्यापूर्वी याच वास्तूत विलायती मालाचे 'व्हाइटअवे, लेडलॉ आणि कंपनी' हे प्रशस्त दालन होते. ज्या मजल्यांवर विलायती कापड विकले गेले, तेथेच पुढे खादीचे तागे उलगडले. व्यापाऱ्याने विचार करावा असा हा कालाचा महिमा आहे.

या पेढीचे संस्थापक रॉबर्ट लेडलॉ १८५६ साली स्कॉटलंडमध्ये जन्मले. ऐन तारुण्यात ते परमुलखात, कोलकात्यास आले आणि १८८२ साली एडवर्ड व्हाइटअवे यांच्या भागीदारीत त्यांनी दुकान थाटले. कपडे, पादत्राणे, टोप्या, गृहोपयोगी वस्तू असे सर्व काही एकाच छताखाली मिळू लागले. दूरच्या गिऱ्हाइकास माल टपालाने जाई. पाहता पाहता मुंबई, मद्रास, लाहोर, सिमला, कोलंबो, सिंगापूर, शांघाय येथे शाखा निघाल्या.

या भरभराटीचे एक मोठे कारण रोखीचा व्यवहार हे होते. त्या काळी साहेब लोकांतही खात्यावर माल नेण्याची रीत होती. बदली झाली की वसुली अवघड होई आणि बुडालेल्या रकमेचा भार प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या किमतीवर पडे. लेडलॉ यांनी उधारी नाकारली, म्हणून त्यांना भाव उतरवता आला. लोकांनी पेढीच्या नावाचा अपभ्रंश करून 'राइट-अवे अँड पेड-फॉर' असे टोपणनाव ठेवले. 'लगेच घ्या, पैसे चुकते करा' असा त्याचा भावार्थ.

संपत्तीबरोबर लेडलॉ यांनी विवेकही जपला. १९०६ साली ते ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले. अफूच्या व्यापाराचे ते विरोधक होते आणि १९०९ च्या शांघाय येथील आंतरराष्ट्रीय अफू आयोगात त्यांनी सदस्य म्हणून भाग घेतला. अफूपासून हिंदुस्थान सरकारला मोठा महसूल मिळत असताना ही भूमिका घेणे सोपे नव्हते. १९१५ साली ते निवर्तले.

३१ जुलै १९२१ रोजी परळ येथे महात्मा गांधींच्या उपस्थितीत विलायती कापडाची होळी झाली. १९४७ नंतर राज्यकर्ता वर्गही निघून गेला. ज्या गिऱ्हाइकासाठी ते दालन उभे होते, ते गिऱ्हाईकच उरले नाही. दुकान उत्तम होते, पण त्याची मुळे या मातीत रुजली नव्हती.

आता आपल्या वाशीकडे वळू या. बालाघाटाच्या या कोरडवाहू पठारावर अनेक व्यापारी कुटुंबांचे पूर्वज बाहेरून आले. लेडलॉ यांचे गिऱ्हाईक प्रामुख्याने पगारदार होते. येथील शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो सोयाबीन, तूर किंवा ज्वारी विकल्यावर. लेकीचे लग्न मात्र सुगीची वाट पाहत नाही. येथे 'आधी पैसे, मग कापड' असा फलक लावणारा माणुसकीस मुकला असता. म्हणूनच खतावणीत शेतकऱ्याचे नाव लिहिले गेले आणि परका व्यापारी गावचा झाला.

परंतु या उधारीस एक पथ्य आहे. रोखीने घेणाऱ्यास एक भाव आणि अडलेल्यास दुसरा, असे झाले की उपकाराचे शोषण होते. लेडलॉ यांच्याकडून उधारीचा नकार जसाच्या तसा उचलण्याचे कारण नाही. अनावश्यक भार गिऱ्हाइकावर टाकायचा नाही, हे मर्म मात्र घ्यावे. भाव एक, माप पूर्ण आणि खाते स्वच्छ!

आज मोबाइलवर मागविलेले कापड घरपोच येते. त्याच्याशी केवळ भावाची स्पर्धा करणे कठीण आहे. मात्र दुष्काळात वसुली थांबविणारा शेजारी त्या मोबाइलवर मिळत नाही. तरुण बंधूंनी ही ठेव सांभाळावी, हीच अपेक्षा.

जय जिनेंद्र!