आधी नजर, मग हात
(महोत्सवी सभेत केलेले भाषण)



स्वसंरक्षणावर चार शब्द सांगावेत, अशी विश्वस्त मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही लाठीचे हात दाखविणार असे पुष्कळांस वाटले असेल. आपला बेळगाव भाग तालमींचा. अपेक्षा रास्तच आहे. परंतु मल्लदेखील पकड घेण्यापूर्वी समोरच्याचे पाय आणि नजर पाहतो. स्वसंरक्षणाचा पहिला धडा तोच.

उचगावची मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी बेळगावास जातात आणि दिवेलागणीला परततात. मंगळवारी-शुक्रवारी मळेकरणी देवीला गर्दी लोटते. अशा वेळी डोळे आणि कान मोबाइलला वाहिलेले असतील, तर मागून येणारी पावले ऐकू कशी येणार? मान वर, एक हात मोकळा आणि चाल ठाम, एवढ्यानेही कित्येक प्रसंग टळतात.

कोणी वाट अडविलीच, तर दोन हात अंतर राखावे, तळहात पुढे धरावेत आणि ‘मागे व्हा’ असे मोठ्याने बजवावे. शिवीने भांडण वाढते. ठणकावून बोलल्याने चार माणसे वळून पाहतात. पाकीट मागितले तर टाकून द्यावे आणि उजेडाकडे, माणसांकडे धाव घ्यावी. शिवाजी महाराज १६६६ साली आग्र्याहून निसटले, त्यांस कोणी भित्रे म्हटले नाही. सुखरूप घरी पोचणे हाच विजय.

सुटकेची वाटच उरली नाही, तर प्रतिकार करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ याविषयी आहेत. मात्र बचावास लागेल तेवढेच बळ वापरावे. पळणाऱ्यास गाठून मारणे हा बचाव नव्हे. पोलिसांच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक लहानथोरांस पाठ असावा.

आता मुख्य गोष्ट. लेक घरी येऊन सांगते, ‘बसमध्ये एकाने त्रास दिला.’ आणि आपण म्हणतो, ‘उद्यापासून कॉलेज बंद!’ शिक्षा कोणाला झाली? पुढच्या वेळी ती बोलणारच नाही. त्रास तसाच राहील, आपल्याला मात्र पत्ता नसेल. म्हणून आधी विचारावे, ‘बाळ, तू ठीक आहेस ना?’ मग सगळे ऐकून घ्यावे. दोष तिच्या कपड्यांत वा वेळेत शोधू नये. दुसऱ्या दिवशी आत्याने, भावाने सोबत जावे, तक्रार करावी. शिक्षण थांबवू नये. आणि मुलग्यांनाही बजवावे की कोणी ‘नको’ म्हटले, की तेथेच थांबायचे.

तालमीत शरीर घडते. सांगण्याचे धैर्य घरात घडते. ते आज रात्री जेवताना प्रत्येक घरात सुरू व्हावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.