गोचीड, गोठा आणि ताप



कोल्हापूर जिल्ह्याच्या संसाराला दोन आधार आहेत, एक ऊस आणि दुसरे दूध. १९६३ साली जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची स्थापना झाली आणि पुढे 'गोकुळ' या नावाने तो घरोघरी पोहोचला. त्या दुधामागे करवीर, कागल, राधानगरी, गडहिंग्लज, आजरा, चंदगड अशा तालुक्यांतील लहान लहान गोठे उभे आहेत. दोन म्हशी, एखादी संकरित गाय, दाराशी एक कुत्रा आणि गोठ्याला लागूनच घर, असे हे चित्र. जनावर हे येथे घरातील माणसासारखेच आहे. म्हणून त्याच्या अंगावरील दुखणे उंबरठ्याबाहेरच राहील, असे मानता येत नाही.

जनावराच्या कानात, कासेभोवती, शेपटीच्या मुळाशी टम्म फुगलेला गोचीड कोणी पाहिला नाही? धार काढताना हाताला लागला की तो उपटून टाकायचा आणि पुन्हा कामाला लागायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. गोचीड रक्त पितो हे सर्वांना ठाऊक आहे. पण रक्त घेताना तो काही देऊनही जातो, ही गोष्ट फारशी ठाऊक नाही. त्याच्या लाळेवाटे सूक्ष्म जिवाणू जनावराच्या आणि माणसाच्या शरीरात शिरतात. त्यांपासून होणारे विकार ओळखीचे आहेत, त्यांवरील औषध जुने आणि अल्पमोली आहे. तरीही माणसे दगावतात, कारण योग्य वेळी त्या विकाराची आठवण होत नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू ती आठवण जागी करणे एवढाच आहे.

गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळी आणि विंचू यांच्या कुळातील प्राणी आहे. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिलाला सहा पाय असतात, पुढील अवस्थांत ते आठ होतात. गाई-म्हशींवर सर्रास आढळणारा गोचीड एकाच जनावराच्या अंगावर सुमारे तीन आठवडे राहून वाढतो. रक्ताने भरलेली मादी मग जमिनीवर गळून पडते, आडोसा शोधून दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. कुत्र्यावरील तपकिरी गोचिडाची रीत निराळी. तो प्रत्येक अवस्थेत खाली उतरतो, भिंतीच्या भेगांत दडतो आणि पुन्हा नवे शरीर शोधतो. गोचिडाचा दंश सहसा दुखत नाही, कारण त्याच्या लाळेत बधिरता आणणारी द्रव्ये असतात. त्यामुळे 'गोचीड चावला होता काय?' या प्रश्नाला रुग्णाने 'नाही' असे उत्तर दिले, तरी त्यावर निर्धास्त राहता येत नाही. काही जिवाणू तर मादीकडून अंड्यांत उतरतात. अशा वेळी पिलू जन्मतःच रोगवाहक असते.

गोचिडामुळे रोग पसरतो हे ज्ञान माणसाला प्रथम गोठ्याने दिले, ही मोठी बोधप्रद गोष्ट आहे. अमेरिकेत गुरांच्या 'टेक्सास ताप' या रोगाने हाहाकार माजवला होता. तो गोचिडांमार्फत पसरतो, हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ साली सिद्ध केले. त्या रोगाचे कारण जिवाणू नव्हते, ते बबेसिया नावाचे परजीवी होते. पण वाट सापडली. १९०६ साली हॉवर्ड रिकेट्स यांनी रॉकी पर्वताच्या प्रदेशातील ठिपक्यांचा घातक ताप गोचीडच माणसाला देतो, हे दाखवले. पुढे प्रलापक ज्वराचा अभ्यास करीत असता, १९१० साली मेक्सिको शहरात त्याच ज्वराने त्यांचा अंत झाला. या जिवाणूंना 'रिकेट्सिया' हे नाव त्यांच्या स्मरणार्थ मिळाले.

भारताला हा विषय परका नाही. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील मेगॉ यांनी १९२१ सालीच गोचिडांपासून होत असावा अशा तापाविषयी 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये लिहिले होते. पुणे जिल्ह्यातील गोचीडजन्य रिकेट्सिया विकारांवरील पाडबिद्री आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० व २०११ साली या विषयावर लेखन केले आणि लक्षणांना गुण देऊन लवकर निदान करण्याची एक पद्धत सुचवली. सोलापूरहूनही बालकांतील या विकारावर लेखन झाले आहे. पुणे, सोलापूर आणि अकोला येथे जो आढळतो, तो ताप कोल्हापूरच्या वेशीवर थांबत असेल, असे समजण्यास काहीच आधार नाही.

या तापाला वैद्यकात 'इंडियन टिक टायफस' म्हणतात. त्याचा जिवाणू रिकेट्सिया कोनोरी. एखादे सात-आठ वर्षांचे मूल आजारी पडते असे समजू. एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ. पहिले दोन-तीन दिवस तो कोणत्याही तापासारखाच दिसतो. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मनगटांवर व घोट्यांवर बारीक लाल पुरळ उठतो, मग तो अंगभर पसरतो आणि तळहात व तळपाय यांवरही दिसू लागतो. हे शेवटचे चिन्ह फार महत्त्वाचे आहे, कारण पुरळाच्या बहुतेक तापांत तळहात-तळपाय कोरे राहतात. हे जिवाणू रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशींत वाढतात. त्यामुळे वाहिन्या झिरपू लागतात. अंगावर सूज येते, रक्तातील बिंबिका घटतात, आणि उपचार लांबल्यास मेंदू, मूत्रपिंडे व फुप्फुसे यांवर आघात होतो. कधी बोटांची टोके वा कानाच्या पाळ्या काळ्या पडतात.

ताप आणि पुरळ दिसला की घरात 'गोवर' म्हणतात, बिंबिका घटल्या की 'डेंगी' म्हणतात, आणि ताप उतरेना झाला की 'टायफॉईड' म्हणतात. ही तिन्ही नावे चुकीचीच असतील असे नाही, पण चौथे नाव कोणी घेत नाही. तपासणीही लगेच साथ देत नाही. १९१६ च्या सुमारास वाइल आणि फेलिक्स यांनी शोधलेली जुनी रक्तपरीक्षा असो किंवा आजच्या अधिक अचूक परीक्षा असोत, रक्तातील प्रतिपिंडे दिसू लागण्यास बहुधा आठवडा उलटावा लागतो. पहिल्या दिवसांत परीक्षा नकारात्मक आली, म्हणजे रोग नाही असे सिद्ध होत नाही.

याच कारणासाठी जगभरचे तज्ज्ञ एक गोष्ट पुनःपुन्हा सांगतात. शंका बळावली की अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन सुरू करावे. हे औषध १९६० च्या दशकातील आहे, स्वस्त आहे आणि जिल्ह्याच्या कोणत्याही औषधदुकानात मिळते. लहान मुलांचे दात पिवळे पडतील या भीतीने ते पूर्वी टाळले जाई. अल्प मुदतीच्या उपचाराने तसे होत नाही, असे आता दिसून आले आहे. योग्य वेळी दिल्यास बहुधा ४८ तासांत ताप उतरू लागतो. उलट पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातील, एरवी प्रभावी मानली जाणारी, महागडी इंजेक्शने येथे कामाची नाहीत, आणि सल्फा औषधांनी दुखणे बळावू शकते. औषध कोणते द्यावे हे डॉक्टरच ठरवतील, घरच्यांनी परस्पर देऊ नये. पण घरच्यांच्या हाती एक वाक्य आहे. 'डॉक्टर, आमच्या घरी गुरे आहेत, कुत्रा आहे, अंगणात गोचीड आहेत.' हे एवढे वाक्य दवाखान्याच्या दारात आठवले, तर एखाद्या मुलाचा जीव वाचू शकतो.

आता गोठ्याकडे वळू. शेतकरी ज्याला सरसकट 'गोचीडताप' म्हणतात, ते प्रत्यक्षात तीन विकार आहेत. थायलेरिया आणि बबेसिया हे एकपेशीय परजीवींचे रोग, तर अनाप्लाज्मा हा जिवाणूंचा. बबेसियात लघवी तांबडी, कॉफीसारखी होते. अनाप्लाज्मात तशी होत नाही. जनावराला ताप येतो, ते रवंथ सोडते, दूध तुटते, डोळ्यांच्या कडा आधी पांढुरक्या आणि मग पिवळसर होतात, शेण घट्ट पडते. वासरांना हा रोग सौम्य जातो, मोठ्या आणि विशेषतः जास्त दुधाच्या संकरित गाईंना तो कडक जातो. बरे झालेले जनावरही बहुधा जिवाणूचे वाहक बनून राहते. येथेही टेट्रासायक्लिन गटातील औषधच मुख्य आहे. म्हणजे मूल आणि गाय यांना वाचवणारी औषधे एकाच घराण्यातील आहेत. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अनाप्लाज्मा चावऱ्या माश्यांमार्फत आणि एकच सुई अनेक जनावरांना वापरल्यानेही पसरतो. प्रत्येक जनावराला नवी सुई, हा आग्रह पशुपालकाने धरलाच पाहिजे.

कुत्र्यांना तपकिरी गोचिडापासून एर्लिकिया नावाचा जिवाणू जडतो. ताप येतो, अन्न तुटते, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. हाच गोचीड माणसाच्या ठिपक्यांच्या तापाचाही वाहक आहे. म्हणून कुत्रा आजारी पडणे ही घरासाठी पूर्वसूचना समजावी.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. गोचीड चावला की सर्वच रोग जिवाणूंचे असतात असे नाही. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात सापडलेला क्यासनूर जंगलताप, म्हणजेच माकडताप, हा विषाणूचा रोग आहे. २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याचा उद्रेक झाला. तिलारी घाट उतरला की चंदगडहून दोडामार्ग लागतो, इतका तो जवळ आहे. या तापावर डॉक्सिसायक्लिन चालत नाही. म्हणून जंगलाकाठच्या तापात, विशेषतः आसपास माकडे मेलेली आढळल्यास, आरोग्य खात्याला तत्काळ कळवणे आवश्यक आहे.

जिल्ह्यातील आणखी एक दृश्य विसरता येत नाही. दर हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडणीची कुटुंबे येतात. पाचटाच्या कोपीत मुले निजतात आणि हातभर अंतरावर बैल बांधलेले असतात. बैलांबरोबर गोचीडही प्रवास करतात. त्या मुलाला ताप आला तर गावचा दवाखाना ओळखीचा नसतो, आणि पालक उजाडण्यापूर्वीच फडात गेलेले असतात. गोचीडतापाविषयीची माहिती ज्यांना सर्वांत आधी पोहोचायला हवी, ते हेच लोक आहेत. साखर कारखान्यांच्या तळांवर, धनगरांच्या वाड्यांवर आणि मेंढरांच्या तळांवर चार शब्द सांगणे, हे कोणत्याही सेवाभावी संस्थेला शक्य असलेले काम आहे.

मग उपाय कोणता? येथे अहिंसेचा विचार करणाऱ्या गृहस्थापुढे एक खरा प्रश्न उभा राहतो. जू, ढेकूण, मुंगी यांना तीन इंद्रियांचे जीव मानणाऱ्या परंपरेत गोचिडांवर विष फवारावे काय? पांजरपोळीतील आजारी गाय आणि तिच्या अंगावरील शेकडो गोचीड, यांत करुणा कोणाची करावी? परंपरेने गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद केले आहेत. जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा आणि जीवरक्षणासाठी अपरिहार्य झालेले कृत्य यांत तिने फरक मानला आहे. पण त्याहून मोलाचा आहे यत्नाचाराचा विचार. ज्या गोठ्याची निगा राखली जात नाही, तेथे गोचीड हजारोंनी वाढतात, आणि मग हजारोंना मारण्याची वेळ येते. निष्काळजीपणातूनच मोठी हिंसा जन्मते.

यत्नाचाराचा गोठा कसा असतो? भिंतींच्या व जमिनीच्या भेगा लिंपून बुजवलेल्या असतात, म्हणजे मादीला अंड्यांसाठी जागा उरत नाही. शेण व ओला कचरा रोज हलवला जातो. कडेचे गवत वाढू दिले जात नाही. रोज खरारा होतो, कान, कास आणि शेपटी तपासली जाते. बाजारातून आणलेले जनावर काही दिवस निराळे बांधले जाते. एवढे करूनही औषध वापरावे लागले, तर ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, ठरलेल्या प्रमाणातच वापरावे. वारंवार आणि अंदाजाने मारलेल्या फवाऱ्यांनी गोचीड औषधाला दाद देईनासे होतात, आणि विषाचा अंश दुधात उतरण्याचा धोका असतो.

अंगाला चिकटलेला गोचीड काढण्याचीही रीत आहे. रॉकेल, तंबाखूचे पाणी वा जळती काडी लावू नये, त्याने तो उलट लाळ सोडतो. बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ, सावकाश वर ओढावा. बोटांत चिरडू नये. जागा साबणाने धुवावी आणि तारीख लिहून ठेवावी. पुढील दोन आठवड्यांत ताप आला, तर तो कागद डॉक्टरांना दाखवावा.

बंधुभगिनींनो, गोठा आणि घर यांच्यामध्ये भिंत एकच आहे, आणि तिला भेगा आहेत. गाईचे आरोग्य पशुवैद्यकाचे, मुलाचे आरोग्य बालरोगतज्ज्ञाचे, अशी वाटणी माणसाने केली. गोचिडाने ती कधीच मानली नाही. जो गाईच्या कानामागे पाहतो तो आपल्या मुलाचेही रक्षण करीत असतो, हे उमगले आणि तापाच्या दिवशी ते एक वाक्य डॉक्टरांना सांगण्याची आठवण राहिली, तर या विवेचनाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.