अहिंसाणुव्रत आणि कारखान्याचे दार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत मला बोलावयास सांगण्यात आले, तेव्हा मी कामगारांच्या आपत्कालीन सुरक्षिततेचा विषय सुचविला. संयोजकांना किंचित आश्चर्य वाटले. धर्मस्थानात आगीचे, दारा-कुलुपांचे बोलणे कशासाठी, असे आपल्यापैकी काहींच्याही मनात आले असेल. मी पंडित नाही, अभियंताही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि गेली चाळीस वर्षे इचलकरंजीत कापडाच्या पेढीवर बसणारा एक व्यापारी आहे. परंतु या विषयावर बोलण्याचे एक ऋण माझ्यावर आहे, ते आधी सांगतो.

1996 सालच्या उन्हाळ्यातील गोष्ट. त्या सुमारास आमच्या गोदामातून दोन-तीन वेळा ताके कमी भरले. मी मागच्या दाराला बाहेरून कुलूप घातले आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवू लागलो. एके दिवशी सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे म्हणून मी घरी गेलो होतो. दिवाणजीही निघून गेले होते. गोदामात दोन हमाल ताके रचीत होते. गेलेली वीज परत आली आणि पुढच्या शटरजवळच्या मीटरच्या फळीवर ठिणगी पडली. खाली पॉलिस्टरचा माल होता. पुढे आग, मागे माझे कुलूप, आणि किल्ली माझ्या खिशात, जेवणाच्या पाटावर! त्या दोघांनी हातगाडीच्या लोखंडी दांड्याने खिडकीची चौकट उचकटली आणि ते बाहेर पडले. एकाचा हात कोपरापर्यंत फाटला. दुसऱ्याच्या छातीत धूर इतका गेला होता, की पुढे कित्येक महिने त्याचा खोकला थांबला नाही. अखेर तो गावी निघून गेला.

मी धावत पोहोचलो, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "किती ताके गेले?" माझे वडील माझ्या मागोमाग आले होते. ते म्हणाले, "माल मोजतोस होय? माणसं मोजलीस का आधी?"

विम्याची रक्कम मिळाली, माल पुन्हा भरला. वडिलांचे ते वाक्य मात्र भरून निघाले नाही. दरवर्षी पर्युषण पर्वानंतर क्षमावाणीच्या दिवशी आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. ज्याची मागावयास हवी, तो माणूस त्या मंडपात नसतो.

पुढे स्वाध्यायात तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचताना मी अहिंसाणुव्रताच्या अतिचारांपाशी अडखळलो. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध असे हे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केले आहेत. त्यांतील पहिलाच बंध. आचार्य पूज्यपादांनी त्याचा खुलासा केला आहे, तो असा, की जीवाला जिकडे जावयाचे आहे तिकडे जाण्यास अडविणे म्हणजे बंध. मी ते वाचले आणि मला मागच्या दाराचे कुलूप दिसले.

श्रावकाचाराच्या जुन्या विवेचनांत याहून सूक्ष्म विचार आहे. गृहस्थाला गुरेढोरे बांधावी लागतात, हे आचार्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी सांगितले, की जनावर बांधावयाचेच असेल तर गाठ सैल ठेवावी. का? तर आग लागल्यास ती झटकन सोडता अथवा तोडता यावी. बंधुभगिनींनो, आज ज्याला आपत्कालीन नियोजन म्हणतात, ते आपल्या आचार्यांनी शेकडो वर्षांपूर्वी गोठ्यातील गाईसाठी करून ठेवले होते. आणि आपण माणसांच्या दाराला कुलूप घालतो.

कोणी म्हणेल, गृहस्थाला उद्योगी हिंसा अटळच आहे. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी या चारांपैकी श्रावकाने संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग करावा, उरलेल्यांत यत्नाचार ठेवावा, अशी आपली शिकवण आहे. मान्य. माग चालेल तेथे सूक्ष्म जीवांची विराधना होईल. पण बंद दार हा उद्योगाचा अटळ भाग नव्हे. दार उघडे असतानाही कापड तितकेच निघते. तेव्हा ही हिंसा उद्योगाच्या खात्यावर टाकता येणार नाही. ती प्रमादाच्या खात्यावर पडते, आणि प्रमाद हेच हिंसेचे मूळ शास्त्राने सांगितले आहे.

आपल्या कापडधंद्याचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. 25 मार्च 1911 रोजी न्यूयॉर्क शहरात ट्रँगल नावाच्या, स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात आग लागली. कारखाना एका उंच इमारतीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यांवर होता. 146 कामगार मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुसंख्य परदेशातून आलेल्या तरुण मुली होत्या. नवव्या मजल्यावरील एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. मुली कापड चोरून नेतील म्हणून एकाच वाटेने झडती घेऊन त्यांना सोडण्याची तेथे रीत होती. म्हणजे कारण तेच, जे माझे होते! दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. आग आठव्या मजल्यावर लागली. तेथून दहाव्या मजल्यावर, जेथे मालकांची कचेरी होती, दूरध्वनीने वर्दी गेली आणि तेथील जवळजवळ सर्वजण गच्चीवरून सुटले. मधल्या नवव्या मजल्याला कोणीच कळविले नाही. मालक सुटले. त्यांच्यावर खटला चालला, त्यातूनही सुटले.

शंभर वर्षांनी, 11 सप्टेंबर 2012 रोजी कराचीतील अली एंटरप्रायझेस या तयार कपड्यांच्या कारखान्यात हेच घडले. अडीचशेहून अधिक कामगार मरण पावले. खिडक्यांना गज, बाहेर पडण्याची दारे बंद. ही आग खंडणीसाठी लावली गेली, असे पुढे न्यायालयाने ठरविले. परंतु आग कोणीही लावली असो, दारे आणि गज ज्याचे त्याचेच होते. या कारखान्याला आगीच्या केवळ काही आठवडे आधी आंतरराष्ट्रीय दर्जाचे प्रमाणपत्र मिळाले होते, हेही लक्षात ठेवावे. चौकटीत लावलेल्या कागदाने दार उघडत नाही.

लांबचे कशाला? 18 मे 2025 च्या पहाटे आपल्या सोलापुरात, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. 8 जण गेले. त्यांत कामगार होते, आणि आवारातच राहणारे मालक व त्यांचे कुटुंबीयही होते. आगीने मालक-कामगार असा भेद केला नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. 2 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्रीनंतर भोपाळला विषारी वायू सुटला. कारखान्याच्या आतील बहुतेक कामगार वाऱ्याच्या उलट दिशेने धावून बचावले, कारण त्यांना ते ठाऊक होते. बाहेरच्या वस्तीला कोणी काही शिकविलेच नव्हते. त्यानंतर 1987 साली कारखाने अधिनियमात सुधारणा होऊन धोकादायक कारखान्यांना आपत्कालीन आराखडा करणे आणि तो कामगारांना व आसपासच्या लोकांना समजावून देणे बंधनकारक झाले. 1989 च्या नियमांनी मोठ्या धोक्याच्या कारखान्यांना दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम करावयास लावली. पण आपल्या गावातील आठ-दहा मागांच्या शेडचे काय? नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आलेल्या नव्या संहितेनुसार विजेवर चालणारे काम असेल, तर 20 कामगारांपासून पुढे कारखाना धरला जातो. म्हणजे आपले कित्येक बांधव त्या व्याख्येच्या बाहेरच राहतात. तेथे निरीक्षक येणार नाही. तेथे अणुव्रतच निरीक्षक.

आता प्रत्यक्ष काय करावयाचे? मागाच्या शेडमध्ये एवढा खडखडाट असतो, की "आग, आग" म्हणून ओरडलेले शेजारच्या मागावर ऐकू येत नाही. यावर आमच्या एका जुन्या जॉबरने सुचविलेला उपाय मला फार आवडला. मागांचा मुख्य खटका पाडावा. सगळे माग एकदम थांबले, की ती शांतता हीच घंटा. दरवेळी वीज गेली तरीही माग थांबतात, म्हणून सोबत मोठा भोंगा हवाच. मात्र दिव्यांची वायरिंग मागांपासून वेगळी असावी आणि दारावर बॅटरीवरचा दिवा असावा. नाहीतर शांततेबरोबर अंधारही होईल. आगीत माणसे जळून मरतात त्याहून अधिक धुराने गुदमरतात. म्हणून ओले फडके तोंडाला लावून, वाकून, जमिनीलगत बाहेर पडावे, हे प्रत्येक कांडीवालीला आणि वहिफणीवाल्याला ठाऊक हवे. रात्रपाळीला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची मुले असतात. त्यांना मराठी पाटी लावून काय उपयोग? सूचना हिंदीत सांगाव्या, नुसत्या सांगू नयेत, चालवून दाखवाव्या.

बाहेर जमण्याची एक जागा ठरवावी, आणि रात्रपाळीची हजेरी दाराबाहेर ठेवावी. आत ठेवलेले हजेरीपत्रक आगीत जळते आणि मग कोण आत राहिले, हे कोणालाच सांगता येत नाही. मुकादमाने ऐनवेळी आणलेल्या बदली कामगाराचे नावही त्यात हवे. माळ्यावर झोपणारे तर आधी मोजावे. वडिलांनी मला शिकविलेला हिशेब तो हाच.

भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याची धार धरावी. तूप, शाई, टूथपेस्ट लावू नये. विजेच्या आगीवर पाणी मारू नये. अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे महिन्यातून एकदा पाहावे. आमच्या पेढीवरचे नळकांडे चार वर्षे कॅलेंडर अडकविण्याच्या कामी येत होते, हे कबूल करतो.

आणि चोरीचे काय, हा प्रश्न तुम्ही विचारण्याआधीच सांगतो. आतून दांडा ढकलला की उघडणारे, बाहेरून मात्र न उघडणारे आणि उघडताच घंटा वाजविणारे दार बाजारात मिळते. सैल गाठ ती हीच. मी ते बसविले. त्यानंतरही कधी ताका कमी भरला नाही असे नाही. पण तो हिशेब मी वहीत लिहून टाकतो आणि झोपतो.

विश्वस्त मंडळींची क्षमा मागून एक गोष्ट सांगतो. हे भाषण सुरू होण्यापूर्वी मी या सभागृहाच्या डाव्या बाजूचे दार पाहून आलो. त्याला कुलूप आहे, आणि समोर सतरंज्यांच्या घड्या रचल्या आहेत. आज येथे आपण दोन-अडीचशे जण आहोत आणि मागे भोजनशाळेत गॅस पेटलेला आहे. किल्ली कार्यालयात आहे असे कळते. व्यवस्थापकांनी ती आणावी. चार स्वयंसेवक सतरंज्या हलवतील, तोवर मी थांबतो. मग प्रश्नोत्तरे घेऊ.

जय जिनेंद्र.