आपली मुले काय वाचतात?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरून कोणी तरी विद्वान वक्ता बोलवायचा, हा आपला रिवाज. यंदा चिटणीसबाईंनी तो मोडून माझ्यासारख्या घरातल्याच बाईला उभे केले आहे. विषयही असा की, ऐकल्याबरोबर पुष्कळजणींच्या कपाळाला आठ्या पडतील. हल्लीच्या मुली ज्या जपानी चित्रकथा वाचतात, ज्यांना 'मांगा' म्हणतात, त्या आणि कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्या, यांविषयी मी बोलणार आहे. मी काही समीक्षक नव्हे. डोळ्यांवर चष्मा आणि हाताशी शब्दकोश घेऊन वाचणारी एक आजी, एवढाच माझा अधिकार. तेव्हा चुकलेमाकले तर सांभाळून घ्या.

प्रथम माझा अपराध सांगते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत नातीच्या खाटेखाली सात पुस्तकांचा गठ्ठा सापडला. पोरगी तेव्हा नववीत. उघडून पाहिले तर पानापानावर मोठमोठ्या डोळ्यांची मुले, आणि पुस्तक उलटेच छापलेले! "अभ्यास सोडून ही चित्रे बघते होय!" असे म्हणत मी तो गठ्ठा रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवला. संध्याकाळी नात घरी आली. तिने आदळआपट केली नाही की रडली नाही. मुकाट्याने जेवली, पानावरून उठली, आणि पुढे आठ दिवस 'हो' आणि 'नाही' यांपलीकडे माझ्याशी बोलली नाही. आदळआपट परवडली असती! शेवटी सूनबाईने सांगितले, "आई, खाऊचे पैसे वर्षभर साठवून तिने ती घेतली होती."

मी निमूटपणे दुकानात गेले आणि सातही पुस्तके पुन्हा विकत आणली. किंमत ऐकून छातीत धस्स झाले. एवढे पैसे मोजले आहेत तर निदान वाचून तरी पाहू, असे मनाशी म्हटले. माझ्या वाचनाची सुरुवात अशी हट्टातून नव्हे, हिशेबातून झाली.

मांगा उलटा छापलेला नसतो. जपानी रीतीप्रमाणे तो उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. तिकडे या कथा आधी जाडजूड नियतकालिकांतून क्रमशः येतात आणि मग त्यांची पुस्तके निघतात. वाचक पाहून त्यांचे वर्गही पाडलेले असतात. मुलांसाठी 'शोनेन', मुलींसाठी 'शोजो', प्रौढ पुरुषांसाठी 'सेइनेन' आणि प्रौढ स्त्रियांसाठी 'जोसेइ'. आयांनी एवढे ध्यानात ठेवावे. चित्रे आहेत म्हणजे पुस्तक लहानांचेच, ही समजूत चुकीची आहे.

ती सात पुस्तके म्हणजे ओइमा योशितोकी यांची 'अ सायलेंट व्हॉइस'. २०१३-१४ साली ही कथा क्रमशः आली. शोको नावाची कर्णबधिर मुलगी सहावीच्या वर्गात येते. शोया हा खोडकर मुलगा तिचा छळ मांडतो. तिची बोलण्याची वही तळ्यात फेकतो, कानातली यंत्रे ओरबाडून मोडतो. ती भरपाई सतरा लाख येनांच्या घरात जाते आणि ती भरते शोयाची एकटी, केशकर्तनालय चालवणारी आई. आणि मग गंमत पाहा. काल ज्या वर्गाने हसून साथ दिली, तोच सारा दोष शोयावर ढकलतो आणि आता त्याला वाळीत टाकतो. पुढे मोठा झाल्यावर तो मजुरी करून आईचे पैसे फेडतो, पण जीव देण्याच्या विचाराने. आईला सुगावा लागतो. ती त्या नोटांपुढे काडी धरून म्हणते की, मरणार नाहीस असे कबूल कर, नाही तर जाळते. तो कबूल करतो, आणि नोटा चुकून खरोखरच पेटतात! हे पान वाचताना मी एकाच वेळी हसले आणि रडले.

या कथेत मला खटकले तेही सांगते. शोको फारच क्षमाशील आहे. जिचा छळ झाला, तीच उठल्यासुटल्या 'माझे चुकले' म्हणते. लेखिकेने शोयाच्या पश्चात्तापाला जितकी पाने दिली, तितकी शोकोच्या रागाला द्यायला हवी होती. मी हे नातीला बोलून दाखवले. म्हटले, "काय ग, हा मुलगा भारीच दुष्ट होता नाही?" ती म्हणाली, "आजी, तो एकटा कुठे? बाकीचे हसतच होते ना." थोडा वेळ गप्प राहून मग हळूच म्हणाली, "आमच्या वर्गात एक मुलगी अडखळत बोलायची. तिने शाळा बदलली. आम्हीही हसायचो."

भगिनींनो, माझ्या जिभेवर उपदेश तयार होता. मी तो गिळला. पुढच्या रविवारी नात मला बरोबर घेऊन त्या मुलीच्या घरी गेली. दार तिच्या आईने उघडले. मुलींचे बोलणे काय झाले ते मी विचारले नाही, ते त्या दोघींचे आहे. पण एवढे खरे की, जे मी सात वर्षे शिकवू पाहिले असते, ते त्या सात पुस्तकांनी आधीच शिकवून ठेवले होते, आणि मी ती काट्यावर घातली होती.

दुसरी कथा खास तुमच्या-माझ्यासाठी. त्सुरुतानी काओरी यांची 'बीएल मेटामॉर्फोसिस', पाच भागांची. पंचाहत्तर वर्षांची एक विधवा एका पुस्तकाच्या दुकानात शिरते आणि मुखपृष्ठ सुंदर दिसले म्हणून एक मांगा विकत घेते. घरी येऊन वाचते तो दोन तरुण मुलांच्या प्रेमाची कथा! म्हातारी बिचकत नाही. पुढचा भाग आणायला पुन्हा दुकानात जाते. तिथे काम करणारी, असलीच पुस्तके चोरून वाचणारी, शाळकरी मुलगी तिची मैत्रीण होते. जपानी नावात 'एनगावा' हा शब्द आहे. एनगावा म्हणजे घराची ओसरी. दोघींत अठ्ठावन्न वर्षांचे अंतर, पण ओसरीवर बसून पुस्तकाविषयी बोलताना ते उरत नाही. मला त्या म्हातारीचा हेवा वाटला.

सगळेच मांगा मला रुचले असे मात्र नाही. 'वन पीस' १९९७ पासून चालूच आहे आणि शंभरावर भाग झाले. दहाव्या भागात मी हात टेकले.

आता कादंबऱ्या. 'द हंगर गेम्स' २००८ साली आली आणि तिच्यामागून तसल्याच कादंबऱ्यांची रांग लागली. सोळा वर्षांची नायिका, तिच्यामागे दोन तरुण, आणि आईबाप मेलेले तरी किंवा बिनकामाचे तरी! मूळ पुस्तकात आई खचली आहे त्याला कारण आहे, तिचा नवरा खाणीत मेला. नकला करणाऱ्यांनी कारण सोडले आणि आईला तेवढे अडगळीत टाकले. याउलट अँजी थॉमस यांची २०१७ ची 'द हेट यू गिव्ह' पाहा. स्टार या कृष्णवर्णीय मुलीच्या डोळ्यांदेखत तिच्या निःशस्त्र मित्राला पोलीस गोळी घालतो. साक्ष द्यायची की गप्प बसायचे, हा तिच्यापुढचा प्रश्न. वस्तीत तिची भाषा एक आणि गोऱ्या मुलांच्या शाळेत दुसरी. इथे मात्र आईबाप खंबीर उभे आहेत, रागावतात, भितात, जवळ घेतात. पुस्तकात शिव्या पुष्कळ आहेत, मी लपवत नाही. अमेरिकेत ते शाळांतून काढावे अशा तक्रारीही झाल्या. पण शिव्या मोजत बसले तर त्या पोरीचे धैर्य नजरेतून सुटते.

कादंबऱ्यांनी बायका बिघडतात, असे आपल्याकडेही म्हटले जात असेच. १८९० साली निघालेल्या 'करमणूक' पत्रातून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येत होती. त्यात यमू आपले बालपण, लग्न आणि वैधव्य स्वतःच्या तोंडाने सांगते. आज ती छापली असती, तर दुकानदाराने कुमारवयीन कादंबऱ्यांच्याच फळीवर लावली असती.

म्हणून माझी एक सूचना आहे. मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटातला खालचा कप्पा मुलींच्या पुस्तकांसाठी द्यावा. नियम एकच असावा. ज्या बाईला एखादे पुस्तक आक्षेपार्ह वाटेल, तिने ते आधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे, मग खुशाल बोलावे. पहिला संच माझ्या नातीने देऊ केला आहे. तोच, मी दुसऱ्यांदा विकत आणलेला. रद्दीवाल्याला तेवढे कळवू नका.