पहिले झबले
(शिवणवर्गात केलेले भाषण)



मगधाच्या शेतांचे बांध दाखवून तथागतांनी आनंदाला तसे चीवर बेतायला सांगितले. तेव्हा तुकडे जोडण्यात कमीपणा कसला?

मात्र पहिल्याच दिवशी झबल्याला हात घालू नका. आधी सरळ शिवणीचे दुपटे, मग लाळेरे. नवे सुती कापड भिजवून आटवून घ्या. जुने धुवट धोतर मिळाले तर उत्तमच. माझ्या पहिल्या झबल्याची शिवण आत राहिली आणि भाचीची काख सोलली. तेव्हापासून मी शिवण बाहेर ठेवते. झबले उलटे घातले म्हणतात, म्हणू द्यात! बटण नको, तुटले तर बाळाच्या घशात जाते. बंद लावा, पण आखूड. झोपवताना लाळेरे काढा. आणि उठण्यापूर्वी टाचण्या मोजा.