दिव्याखालचा अंधार

दिव्याखालीं अंधार असतो, ही म्हण कोळशाच्या गॅसच्या बाबतींत अक्षरशः खरी ठरली आहे. १८०७ सालीं लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. १८६५ सालीं ते मुंबईच्या रस्त्यांवरही आले. लोकांनीं प्रकाश पाहिला; तो जेथें तयार होई, त्या जमिनीकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

गॅस तयार करण्याची रीत साधी होती. बंद पात्रांत, हवा लागूं न देतां, दगडी कोळसा तापवावयाचा. गॅस निघून जाई व कोक मागें राही. परंतु त्याबरोबर डांबर निघे, अमोनियामिश्रित पाणी निघे. आणि गॅस शुद्ध करण्यासाठीं वापरलेला चुना किंवा लोखंडाचा गंज गंधक व सायनाइड शोषून अखेर निकामी होई. यांतील पुष्कळसा माल विकला जाई. उरलेला बहुधा आवारांतल्याच खड्ड्यांत पडे, किंवा टाक्यांतून झिरपे. डांबरांत बेन्झीन, नॅफ्थलीन आणि कर्करोगास कारण होणारीं बेन्झोपायरीनसारखीं द्रव्यें असतात. तें पाण्याहून जड असल्यामुळें भूगर्भांतील पाण्यांतूनही खालीं उतरतें, कठीण थरावर साचतें आणि वर्षानुवर्षें विष सोडीत राहतें. कारखान्यास कुलूप लागलें म्हणून तें थांबत नाहीं.

मग अशा जमिनीचें करावें काय? अमेरिकेंतील सिअ‍ॅटल शहराचें उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे. तेथें लेक युनियन सरोवराच्या कांठीं १९०६ पासून १९५६ पर्यंत गॅसचा कारखाना चालला. नळांतून नैसर्गिक वायू येऊं लागतांच तो बंद पडला. पुढें नगरपालिकेनें ती जागा उद्यानासाठीं घेतली. उद्यानरचनाकार रिचर्ड हाग यांनीं जुने मनोरे राखले आणि शक्य तितकी माती जागच्या जागीं सुधारण्याचें ठरविलें. सांडपाण्याचा गाळ व लाकडाचा भुसा मातींत नांगरून मिसळला, कीं सूक्ष्म जंतू वाढतात आणि तेलकट द्रव्यें खाऊन टाकतात, हें त्यामागील तत्त्व. १९७५ सालीं उद्यान लोकांस खुलें झालें.

परंतु कथा येथें संपली नाहीं. १९८४ सालीं तपासणींत घातक द्रव्यें आढळून उद्यान कांहीं काळ बंद ठेवावें लागलें. हलकीं तेलें जंतूंना पचतात; डांबरांतील जड द्रव्यें तितक्या सहज पचत नाहींत. म्हणून पुढें स्वच्छ मातीचा थर घालण्यांत आला, आणि भूजलांतील बेन्झीन घालविण्यासाठीं जमिनींत हवा सोडण्याची योजना झाली. सरोवराच्या तळच्या गाळाचा प्रश्न अद्याप उरलाच आहे. तेथून पाण्यांत उतरण्यास मनाई आहे.

दुसरे मार्गही आहेत : माती खणून नेणें, ती धुणें किंवा तापविणें, सभोंवार भूमिगत भिंत घालणें. प्रत्येकास किंमत आहे. खणलेली माती कोठें तरी टाकावीच लागते, आणि खणतांना दडलेली वाफ शेजाऱ्यांच्या घरांत शिरूं शकते. नुसती झांकलेली जमीन पिढ्यान् पिढ्या राखावी लागते. तिची नोंद हरवली, तर पुढचा घर बांधणारा अजाणतां तोच थर फोडतो.

ज्यांनीं नफा घेतला ते निघून जातात आणि खर्च मागाहून येणाऱ्यांच्या माथीं बसतो. म्हणून दिवा लावतांनाच त्याच्या काजळीची व्यवस्था करणें, हेंच खरें शहाणपण होय.